लायलॅक चोरावा लागतो

झोयाने फाटकाशी लावलेला लायलॅक याही हिवाळ्यात मेला आणि त्याचा दोष तिच्या नवऱ्यावर, अर्काडीवर आला. त्याने तो रोपवाटिकेतून रीतसर विकत आणला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

"विकतचं झाड आपल्या थंडीत तगतं होय?" झोया म्हणाली. "कुठल्या तरी उबेच्या गावातून आणतात आणि आपल्या गळ्यात मारतात."

लायलॅक, म्हणजे ते जांभळ्या फुलांचं झुडूप, तसा चिवट. आमच्या वसाहतीत तोन्याकाकूंच्या विहिरीजवळ एक आहे. हिवाळाभर कमरेइतक्या बर्फात उभा असतो आणि मे महिन्यात असा फुलतो, की बसमधून उतरल्या उतरल्या वास येतो. झोयाच्या आईच्या फाटकाशीही असाच होता. आईचं घर विकलं गेलं तेव्हापासून झोया मे महिन्यात काही ना काही निमित्त काढून तोन्याकाकूंच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायची. अर्काडीला ते बघवत नसे.

आता कोणी म्हणेल, मग काकूंकडून एक रोप मागून घ्यायचं. पण रशियाच्या उत्तरेला, आमच्या वोलोग्दाकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे की मागून आणलेलं रोप धरत नाही आणि कोणी दिलेलं तर मुळीच नाही. धरतं ते चोरलेलं.

तोन्याकाकूंनी कुंपणावरून झोयाला हळूच सांगितलं, "शनिवारी दुपारी मी न्हाणीघरात वाफ घेत असते. तेव्हा मला काही दिसत नाही की ऐकू येत नाही. विहिरीच्या मागे एक फुटवा आलाय बरं का. पण तू नको येऊस. तुझ्या हाताला गुण नाही. अर्काडीला पाठव. आणि काही झालं तरी 'काकूंनी दिलं' हा शब्द तोंडातून जाता कामा नये. गेला की मेलं रोप."

अर्काडी शाळेत भूमिती शिकवायचा. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, पण झोयाला तो घाबरून होता, त्यामुळे विश्वासाची गरजच पडली नाही. तसा तो सगळ्यांनाच घाबरायचा. बसमध्ये तिकीट तपासनीस चढला की खिशात तिकीट असूनही याला घाम फुटायचा. शाळेच्या मुख्याध्यापिका आग्नियाबाई जिन्यात समोर आल्या तर हा भिंतीला चिकटून त्यांना वाट द्यायचा. त्यातून त्या सप्टेंबरात वसाहतीतले पाण्याचे पंप चोरीला जात होते आणि पोलीस फेऱ्या मारत होते.

"पकडलं तर माझी नोकरी जाईल," तो म्हणाला.

"पकडायला आहे कोण? जिचं झाड तीच डोळे मिटून बसलीय," म्हणत झोयाने त्याच्या हातात फावडं दिलं. "मुळांना माती राहू दे."

शनिवारी अर्काडी मागच्या गल्लीने काकूंच्या बागेत शिरला. न्हाणीघराच्या धुराड्यातून धूर निघत होता. पहिलं फावडं त्याने स्वतःच्याच बुटावर मारलं. तरीही फुटवा निघाला, मातीसकट. अर्काडीच्या जिवात जीव आला आणि तेवढ्यात मागून कोणीतरी त्याची गचांडी धरली.

हा तोन्याकाकूंचा धाकटा दीर, प्रोखर. पार उत्तरेला वोर्कुताच्या खाणीत जन्म काढलेला, अस्वलाएवढा माणूस. सकाळी न कळवता आला होता आणि पडवीत झोपला होता. काकूंनी त्याला काहीएक सांगितलं नव्हतं.

"काय करतोस रे इथे?"

काकूंनी दिलंय, एवढं म्हटलं की सुटका होती. अर्काडीने तोंड उघडलंही. पण डोळ्यांपुढे झोया आली, कुंपणाशी उभी.

"चोरतोय," तो म्हणाला.

प्रोखरला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्याने पकड आणखी आवळली आणि कुंपणापलीकडे हाक मारली. दुर्दैव असं, की पंपाच्या चौकशीसाठी आलेले पोलीस लेफ्टनंट दुदकिन शेजारच्याच घरी चहा पीत होते. ते मिशी पुसत आले.

"नाव? धंदा?"

"अर्काडी. शिक्षक."

"चोरी कबूल?"

"कबूल."

"आणि पंप कुठे ठेवलेत?"

"पंप नाही साहेब. मी फक्त झाडं चोरतो."

दुदकिननी वही काढली. "म्हणजे नेहमीचं आहे."

आता त्याला सगळं दिसू लागलं. ठाणं, कोर्ट, शाळेच्या फलकावरची सूचना, आग्नियाबाईंचा चष्मा. तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडून तोन्याकाकू आल्या, लालबुंद, डोक्याला पंचा, गालाला अंग झोडायच्या जुडीतलं बर्चचं पान चिकटलेलं. अर्काडीने देव भेटल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

"काकू, याला ओळखता?" दुदकिननी विचारलं. "तुमच्या परवानगीने खणत होता का?"

काकूंनी एकदा फुटव्याकडे पाहिलं, एकदा अर्काडीकडे. "माझी कसली परवानगी? मी कशाला देईन? चोरच आहे मेला," त्या म्हणाल्या आणि अर्काडीला डोळा मारला. दुदकिनना वाटलं, डोळ्यात साबण गेला असेल.

आरडाओरडा ऐकून झोयाही धावत आली. अर्काडीला वाटलं, आता ही तरी सोडवेल.

"तुमचे यजमान चोरी केली म्हणतायत," दुदकिन म्हणाले.

"केलीच आहे," झोया म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठाम होता. "मी साक्ष देते."

"मग यांना ठाण्यावर न्यावं लागेल."

अर्काडी वाट बघत राहिला, की दोघींपैकी एक तरी तोंड उघडेल. झोयाने ॲप्रन सोडला, विहिरीच्या बादलीत भिजवला आणि फुटव्याच्या मुळांना गुंडाळला.

"न्या त्यांना," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पण साहेब, हे आधी मातीत जाऊ दे हो. मुळं सुकतायत."

दुदकिननी तो ओला ॲप्रन पाहिला आणि वही हळूच मिटली. कितीही झालं तरी वोलोग्दाचाच माणूस.

"कुठे लावणार?"

"फाटकाशी."

"ऊन येतं?"

"सकाळचं."

"हं." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आता पंचाईत अशी आहे, की मी याला पकडलं तर माल जप्त, म्हणजे चोरी फुकट. सोडलं तर ती माफी झाली, म्हणजे रोप दिल्यासारखंच."

"अहो, काय बोलताय काय तुम्ही?" प्रोखरने विचारलं.

"काका, तुमच्या वोर्कुताला झाडं उगवतात का?"

"नाही."

"मग राहू द्या. सोडा त्याला." आणि ते अर्काडीच्या कानाशी वाकले. "पळा."

"पळू?"

"पळा हो मास्तर. मी मागून ओरडत येतो."

अर्काडी पळाला. आयुष्यात तो कधी एवढा पळाला नव्हता. छातीशी लायलॅक, मागे "पकडा, पकडा" करत लेफ्टनंट आणि गल्लीत प्रत्येक कुंपणावर एक तोंड. शेवटच्या वळणाला दुदकिन मुद्दाम ठेचकाळले आणि चोर निसटला, असं त्यांनी सर्वांसमक्ष जाहीर केलं.

फुटवा लागला फाटकाशी. अर्काडीचं नाव मात्र वसाहतभर झालं. बायका त्याच्याकडे बोट दाखवून कुजबुजायच्या. हिवाळाभर तो शाळेत जीव मुठीत धरून वावरला. आग्नियाबाईंची चुलत बहीण आमच्याच वसाहतीत राहते, तेव्हा गोष्ट कानावर जाणार हे उघड होतं. दार वाजलं की याच्या हातातला खडू मोडायचा.

एप्रिलात बर्फ गेला आणि मे महिन्यात त्या काटकीवर हिरवी पानं फुटली. झोया सकाळभर तिथेच उकिडवी बसून होती. फुलं यायला अजून वर्षं लागणार होती, पण धरलं होतं.

त्याच आठवड्यात शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला. आग्नियाबाईंनी बोलावलंय. जिना चढताना अर्काडीने राजीनाम्याचं वाक्य मनात जुळवलं. आत गेल्यावर बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"दार लावून घ्या."

त्याने लावलं.

"तुमच्याबद्दल मी सगळं ऐकलंय."

"बाई, मी स्वतःहूनच..."

"बसा. माझ्या नणंदेकडे पांढरा लायलॅक आहे," बाई आवाज खाली करून म्हणाल्या. "दुहेरी फुलांचा. माझी चार रोपं मेली. लोक म्हणतात, तुमच्या हाताला गुण आहे."

अर्काडी खुर्चीच्या कडेवर टेकला. मग त्याने विचारलं,

"कुंपण केवढं उंच आहे?"