माकडाचं वळणदार अक्षर

मी फुशारकी मारणारा माणूस नाही. आयुष्यात एकदाच मारली. गेल्या बुधवारी, दुपारी चार वाजता, हातात ताकाचा पेला असताना!

"चौतीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात अकरा हजार पुस्तकं सांभाळली," मी म्हणालो. "वीज गेली तरी मागाल ते पुस्तक अंधारात काढून द्यायचो. तिथे तेवीस पोरं एक दिवस सांभाळणं म्हणजे काय मोठं!"

माझी पत्नी वारिजा सुपारी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पुस्तकं उठून पळत नाहीत," ती म्हणाली. "आणि त्यांना मध्येच शू लागत नाही."

त्याचं असं झालं होतं की आमच्या होसकोप्प गावच्या नागवेणी टीचरच्या आईचं गुरुवारी शिमोग्याला डोळ्याचं ऑपरेशन होतं. शाळा एका खोलीची, टीचर एक, पहिली ते तिसरी सगळी एकत्र. तीन वर्षांत त्या बाईने एकदाही रजा घेतली नव्हती. एक दिवस वर्गावर बसायला कोणीतरी हवं होतं, आणि गावात पूर्ण रिकामा असा मीच, सगळ्यांचा उडुपज्जा, म्हणजे उडुप आजोबा. माझ्याऐवजी दुसरं कोणी मिळालं असतं तर त्यांनी मला विचारलं नसतं, हे मलाही कळत होतं. तरी बरं वाटलं.

पोरं घरी गेल्यावर टीचरने मला वर्गात नेलं आणि किल्ली हातात दिली.

"अज्जा, काही करायचं नाही. खुर्चीवर बसायचं."

"आणि शिकवायचं?"

"मुलं शिकतात. त्यांना सगळं माहीत आहे."

"पण काही गडबड झाली तर?"

"तर खुर्चीवर नीट बसायचं."

मग त्यांनी भिंत दाखवली. जमिनीपासून छतापर्यंत एक रंगवलेली शिडी, पायरीपायरीवर चित्रं. बदक, सायकल, खेकडा, छत्री... ज्याची पायरी खेकड्याची, त्याने फळीवरच्या खेकड्याच्या ट्रेमधून एकेक कार्ड घ्यायचं, वाचायचं, सोडवायचं, परत ठेवायचं. ट्रे संपला की पुढचं चित्र.

"एकच गोष्ट लक्षात ठेवा," टीचर म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला. "आपला तिम्मप्पा. चार महिने फणसावर अडकलाय. आता त्याचं शेवटचं एक कार्ड राहिलंय. ज्या दिवशी कोणी चित्र संपवतं, त्या दिवशी जेवणाची घंटा त्याने वाजवायची, असा आमचा नियम आहे. तिम्मप्पाने गणपतीपासून घंटेला हात लावलेला नाही. उद्याची घंटा त्याला मिळू दे. बाकी काही झालं नाही तरी चालेल."

"मिळाली म्हणून समजा!" मी म्हणालो. म्हणजे फुशारकी तशी दोनदा झाली.

टीचर बस पकडायला गेल्या. मला फक्त कुलूप लावून घरी यायचं होतं. कुलूप हातात होतं. एक पाय उंबऱ्याबाहेर होता. आणि माझी नजर त्या फळीवर गेली.

काय सांगू तुम्हाला! बदकाच्या शेजारी सायकल! सायकलच्या शेजारी खेकडा! खेकड्याला खेटून छत्री, आणि पलीकडे पुन्हा एक पक्षी! कादंबऱ्यांमध्ये कोणी पाककृतींचं पुस्तक खुपसलं तर ज्याला ताप भरायचा तो माणूस मी! मला वाटलं, बिचारी टीचर. एकटी बाई, वेळ मिळत नसेल. आपण निदान एवढं तरी करावं.

मी जमिनीवर बसकण मारली. अंधार पडायच्या आत सगळं लावलं. वन्य प्राणी एकीकडे, पाळीव एकीकडे. पक्षी, फळं, वाहनं, घरगुती वस्तू. प्रत्येक चित्राची कार्डं पहिल्या अक्षराप्रमाणे लावली. गठ्ठे केले, सुतळीने बांधले, दुहेरी गाठ मारली, आणि वर वळणदार अक्षरात एकेक चिठ्ठी! मध्ये थकवा आला तेव्हा सोबत आणलेलं पुस्तक दहा-बारा पानं वाचलंही. घरी आलो तेव्हा मी शीळ घालत होतो. वारिजाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

गुरुवारी सकाळी मी भाषण पाठ करून गेलो होतो. ते करायची वेळच आली नाही. तेवीस पोरं आली, चपला एका रेघेत काढल्या, स्वतःच्या नावाच्या पट्ट्या खिळ्यांना अडकवल्या. मी हजेरीपट उघडेपर्यंत हजेरी झालेली! तिसरीतल्या कुसुमाने, दोन घट्ट वेण्या आणि पुढचा एक दात नसलेल्या मुलीने, बाहेर डोकावून हवामानाच्या तक्त्यावर 'ढगाळ' लावलं. गाणं झालं. मी घसा साफ करून उभा राहिलो.

"बाळांनो..."

"अज्जा, भाषण शनिवारी असतं," कुसुमा म्हणाली.

मी बसलो.

मग सगळी एकदम फळीकडे निघाली. धक्का नाही, बुक्की नाही. एकाही पोराने मान वर करून पाहिलं नाही. आपण रात्री उठून न बघता पाण्याच्या तांब्याकडे हात नेतो ना, तसे त्यांचे हात गेले. आणि हवेत थांबले.

तेवीस हात! हवेत!

अशी शांतता मी वाचनालयातही कधी ऐकली नव्हती. चौतीस वर्षं मी 'शांतता राखा' या पाटीखाली बसलो. त्या क्षणी कोणीतरी ओरडावं म्हणून मी देवाची प्रार्थना केली.

देवाने ताबडतोब ऐकलं. पहिलीतल्या एका चिमुरडीच्या हाती भागाकाराचं कार्ड लागलं आणि तिने भोकाड पसरलं. तिसरीतल्या एकाला बदक रंगवायचं कार्ड मिळालं. त्याला तो अपमान वाटला. दोघं एका सुतळीची दोन टोकं ओढू लागली. माझी दुहेरी गाठ सुटेना! तिम्मप्पा, एक गोल चेहऱ्याचा, सावकाश मुलगा, जिथे फणस असायचा त्या ठिकाणी उभा होता. तिथे आता माझ्या वर्गीकरणानुसार रानडुक्कर होतं.

"ट्रेंना हात कोणी लावला?" कुसुमाने विचारलं.

"माकड!" कोणीतरी किंचाळलं. "माकड आलं होतं!"

धीट माणसाने इथे कबुली दिली असती. मी म्हणालो, "असू शकेल."

हे दोन शब्द मी का बोललो, त्याचा मी अजून विचार करतोय. कारण त्या शाळेत माकडाचाही नियम होता! दोघांनी खिडक्या लावल्या. एकाने डोकी मोजली. एकीने ताट बडवायला घेतलं. एक जण स्वयंपाकघरात धावला, आणि तिथे जेवण रांधणाऱ्या गिरिजक्काने, म्हणजे तिम्मप्पाच्या आईने, भात आणि सांबार कोठीत ठेवून कुलूप घातलं आणि ती केरसुणी घेऊन वर्गात घुसली. ताटाचा आवाज ऐकून खालच्या सुपारीच्या बागेतून मंजय्या फटाके घेऊन आला. मंजय्याचा कुत्रा आला. फणसाच्या झाडाखाली सुतळी बॉम्ब फुटला! शेजारच्या सहा कोंबड्यांनी त्या दिवशी अंडी दिली नाहीत, असं नंतर कळलं.

माकड मात्र सापडेना. मंजय्याने एक गठ्ठा उचलला.

"अक्का, माकडाने सुतळीची गाठ मारलीय. दुहेरी."

"आणि चिठ्ठी लिहिलीय," कुसुमाने वाचलं. "वन्य प्राणी. अ ते ळ."

"शिकलेलं दिसतंय," मंजय्या म्हणाला.

"अक्षर तर बघा!" गिरिजक्काने चिठ्ठी उजेडाला धरली. "आमच्या टीचरचंसुद्धा इतकं वळणदार नाही."

मी छताकडे पाहत होतो. तेवढ्यात तिम्मप्पाने आईच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि उलटी केली. मागे काहीतरी छापलेलं होतं. तो एकेक अक्षरावर बोट ठेवत, सावकाश, मोठ्याने वाचू लागला.

"ता-लु-का... वा-च-ना-ल-य. पु-स्त-क... वे-ळे-त... प-र-त... क-रा-वे."

चिठ्ठ्यांना मी वाचनालयातले जुने कागद वापरले होते. काटकसरीची सवय.

तेवीस पोरं, एक बाई, एक बागाईतदार आणि एक कुत्रा, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सर्वात जास्त धक्का कुत्र्याला बसलेला दिसला.

"अज्जा?" कुसुमा म्हणाली. तिने तिम्मप्पाच्या हातातली चिठ्ठी माझ्यासमोर धरली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी... जरा नीटनेटकं..." मी म्हणालो. "मी आत्ता लावून देतो!"

आणि मग लक्षात आलं, मला येतच नव्हतं! कोणतं चित्र कुठे, ते भिंतीवरून कळत होतं. पण प्रत्येक ट्रेमधल्या कार्डांचा क्रम? आधी कोणतं, मग कोणतं? तो कुठेच लिहिलेला नव्हता. तो टीचरच्या डोक्यात होता, आणि टीचर शिमोग्याला होत्या.

"कुसुमा, तुझं तर सगळं झालंय ना? तुला आठवेल!"

"माझं भराभर झालं," ती खाली बघून म्हणाली. "मला नाही आठवत."

"मला आठवतं," तिम्मप्पा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो कानापर्यंत लाल झाला.

"छत्रीचं पहिलं कार्ड फाटक्या कोपऱ्याचं. मग मोजायचं. मग ते निळं, त्यावर मी पंधरा दिवस होतो. खेकड्याचं शेवटचं अवघड आहे, ते मी सहा वेळा केलं." तो सांगत गेला, आणि मी जमिनीवर बसून वाचनालयातल्या शिपायासारखा एकेक कार्ड त्याच्या हातात देत गेलो. इतर पोरं झटपट पुढे गेली होती. हा पोरगा प्रत्येक कार्डाशेजारी मुक्कामाला राहिला होता! फणसाच्या पुढचे ट्रे तिसरीतल्यांनी लावले. एक वाजला तेव्हा फळी पहिल्यासारखी बेशिस्त आणि सुंदर दिसत होती.

"चला!" मी टाळी वाजवली. "आता तिम्मप्पाचं शेवटचं कार्ड, आणि घंटा!"

तिम्मप्पाने फणसाच्या ट्रेमध्ये हात घातला. मग पूर्ण ट्रे पालथा केला.

"नाही," तो म्हणाला.

गठ्ठे उलगडले. चटया झटकल्या. मंजय्याच्या कुत्र्याला हुंगायला लावलं. कार्ड नाही! तेवीस पोटं एकदम गुरगुरली. कोठीच्या दारात गिरिजक्का डाव घेऊन उभी.

"वाढा ना," मी म्हणालो.

"घंटेशिवाय? उडुपरे, टीचरचा नियम आहे."

"मग मी वाजवतो!"

"अज्जा!!!" तेवीस गळे. मी देवळातला दिवा फुंकला असता तरी असा आवाज झाला नसता.

"बरं, पण तिम्मप्पाने ती चिठ्ठी वाचली की नाही? चांगली खणखणीत वाचली!"

"ते कार्ड नव्हतं," कुसुमा म्हणाली.

"मग आजच्या दिवस दुसऱ्या कोणी वाजवावी..."

"वाजवू दे दुसऱ्या कोणाला, अज्जा," तिम्मप्पा म्हणाला. "मी उद्या वाजवेन." आणि शहाण्यासारखा चटईवर जाऊन बसला. गिरिजक्काने डाव एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि आमच्याकडे पाठ केली.

मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. अशा वेळी मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं.

पुस्तकातून फणस खाली पडला.

कार्ड! आदल्या संध्याकाळी वाचता वाचता उठलो तेव्हा खूण म्हणून ठेवलेलं! पुस्तकांत बसची तिकिटं, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि एकदा तर डोशाचा तुकडा ठेवणाऱ्या वाचकांना चौतीस वर्षं ज्याने फैलावर घेतलं, त्या माणसाने!

तिम्मप्पाने कार्ड उचललं, शर्टाला पुसलं आणि उभा राहिला.

"फणस झाडाच्या अंगावर येतो," त्याने वाचलं. "त्याला बाहेरून काटे असतात. चिरताना हाताला... हाताला..." त्याचं बोट अक्षरावर थांबलं. "...तेल लावावं. एका फणसात सगळं घर जेवतं."

मग तो बाहेर गेला आणि झाडाला टांगलेल्या लोखंडाच्या तुकड्यावर त्याने हातोडी मारली. घंटा सहा टोल्यांची असते. त्याने किती मारले ते मी मोजले नाहीत. मंजय्या म्हणतो, चाळीस. नियमाला धरून नव्हतं, पण कुसुमाही गप्प राहिली. गिरिजक्का वाढताना म्हणाली, "सांबार खारट लागलं तर आज मला कोणी बोलायचं नाही."

शुक्रवारी टीचर आल्या. सगळं जिथल्या तिथे!

"काही गडबड, अज्जा?"

"छे, छे!"

पोरं गप्प. मला भरून आलं. मुलं किती मोठ्या मनाची असतात!

तसं नव्हतं. तक्रारी शनिवारच्या सभेत सांगायच्या असतात. मलाही बोलावलं होतं. सगळं क्रमाने सांगितलं गेलं, गाठीसकट, कुत्र्यासकट. "रानडुक्कर?" एवढंच टीचर मध्ये एकदा म्हणाल्या, आणि पदर तोंडात धरून भिंतीकडे वळल्या. मग कुसुमाने एक नवी पट्टी आणली. त्यावर लिहिलं होतं, 'उडुपज्जा'. तिने ती टीचरच्या खुर्चीला लागून असलेल्या चटईच्या वर भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला अडकवली. त्या चटईवर ज्यांना टीचरची पूर्ण मदत लागते ते बसतात. सगळे पहिलीतले.

"तुमचं पहिलं कार्ड, अज्जा," ती म्हणाली. "घेतलेली वस्तू जिथली तिथे ठेवायची."

सोमवारपासून जातोय. वारिजा डबा देते. अजून घंटा मिळालेली नाही.