लक्कड श्वास कावून घेत नाही?

वत्सलाकाकूंच्या दाराची बेल वाजली की त्या आधी मागच्या दाराने बाहेर पडतात, क्वार्टरला वळसा घालतात आणि पुढच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला पाठीमागून विचारतात, "कोण पायजे?" एकदा पोस्टमनच्या हातातलं सगळं टपाल अंगणात पसरलं होतं. मी शेजारी राहतो. मी बेल वाजवली की दाराकडे पाठ करूनच उभा राहतो.

भिलाईच्या आमच्या सेक्टरात त्या एकट्या राहतात. नर्स म्हणून रिटायर झाल्या. जन्मभर पेशंट गोळी उशीखाली लपवून "घेतली, सिस्टर" म्हणत आले, त्यामुळे माणसाच्या शब्दावरचा आपला विश्वास उडाला, असं त्यांचं स्वतःचंच निदान आहे. भाजीवाला म्हणाला, "काकी, मेथी एकदम ताजा है," तर या विचारणार, "आजच कावून? रोज शिळी देते का?" मी पेढे नेऊन दिले, तर त्यांनी आधी एक फोडून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मले डाउट येऊन राहिला, संजू. प्रमोशन झालं का बदली?"

बदलीच झाली होती. ती पुढे रद्द झाली, हे माझं नशीब.

अशा बाईंना रॅप आवडतो हे कुणाला खरं वाटत नाही. पण त्याचीही सुरुवात संशयातूनच झाली. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या खिडकीसमोर, पाण्याच्या टाकीखाली दोन पोरं संध्याकाळी हातवारे करत बडबडायची. हीच पुढे 'लोहा-लक्कड' म्हणून गाजलेली जोडी. लोहा जाडजूड, दमदार आवाजाचा. लक्कड किडकिडीत, आणि तोंड उघडलं की सुसाट. काकूंना वाटलं, हा इतक्या घाईने बोलतो म्हणजे नक्की शिव्या लपवून राहिला. त्या शिव्या पकडायला त्या रोज खिडकीत बसू लागल्या. शिवी एकही सापडली नाही, गाणी मात्र सगळी पाठ झाली. पुढे जोडीचं नाव रायपूरच्याही पलीकडे गेलं, तरी काकूंची तपासणी सुरूच राहिली.

यंदा, बऱ्याच वर्षांच्या शांततेनंतर, लोहा-लक्कडचा नवा अल्बम आला. पानठेल्यावर दोन पक्ष पडले. तरुण म्हणाले, "अंकल लोगों का रॅप है." आमच्या वयाचे हळवे झाले. आमच्या ऑफिसातले एक साहेब कुम्हारीहून मोटरसायकलवर येतात, ते हेल्मेटच्या आत रडले म्हणे.

काकूंनी अल्बम माझ्या फोनवर ऐकला, डोळे मिटून. पुन्हा ऐकला. मग म्हणाल्या, "हा लक्कड नाही."

"काकू, आवाज त्याचाच आहे."

"आवाज त्याचा हाये. पण अख्ख्या गाण्यात श्वास नाही घेऊन राहिला तो. कावून? मासोळी हाये का?"

त्या दिवसापासून रोज नवा संशय. आधी म्हणाल्या, हे कॉम्प्युटरचं काम. मग म्हणाल्या, दोघांचं भांडण झालं आणि लोहाने त्याला हाकलला. शेवटी दार लावून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "लक्कड जिवंत तरी हाये का, संजू?"

पुढच्याच रविवारी दुर्गला एका हॉलमध्ये जोडी चाहत्यांना भेटणार होती. मी काकूंना स्कूटरवर घेऊन गेलो. हॉल भरलेला. लक्कड जिवंत होता. काळा चष्मा, टोपी, चेहऱ्यावर हसू. पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लोहाच देत होता.

काकू उभ्या राहिल्या. "लोहा, उसको बोलने दे ना. दोनच ओळी."

"काकी, गला खराब है उसका."

"मग ओळ तरी एक!"

लोकांना तेवढंच हवं होतं. "लक्कड! लक्कड!" हॉल दणाणला. लोहाने मान हलवून नको म्हटलं, तरी लक्कडने त्याच्या हातातून माइक घेतला. पहिला शब्द आला. दुसरा अडकला. ओठ एका बाजूला ओढले गेले. तो पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू झाला, पुन्हा तिथेच अडकला.

लोहाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लकवा मार गया था इसको," तो म्हणाला. बोलणं गेलं होतं. मग ज्या दिवशी जो शब्द साफ निघेल, तो लोहा रेकॉर्ड करायचा, आणि शब्दाला शब्द जोडून त्याने हा अल्बम उभा केला. "आवाज पूरी इसी की है. बस, एक साथ नहीं आई."

मागून कुणीतरी ओरडलं, "चीटिंग है!" काही जण उठून गेले, काही टाळ्या वाजवत राहिले. काकू गर्रकन वळल्या. "कोण बोललं? समोर ये!" कुणी आलं नाही.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "चार लोकात उघडं पाडलं ना मी त्याले?" मी गाडी चालवण्यात गुंतल्यासारखं केलं.

त्यानंतर काकू दुपारी घरी सापडेनात. जेवण झालं की जामुलच्या बसमध्ये चढताना दिसायच्या. कुठे जाता विचारलं तर, "काम हाये." आता डाउट मला येऊ लागला. एका सुट्टीच्या दिवशी मी बसच्या मागे स्कूटर घातली.

सिमेंट कारखान्याच्या मागच्या गल्लीत एका घरासमोर, कडुलिंबाखाली खाट होती. खाटेवर लक्कड, समोर खुर्चीत काकू. त्याची बायको चहा ठेवून आत गेली. लक्कड एक शब्द काढायला झगडत होता. तो शब्द कोणता, हे मला गेटपाशी उभं राहून कळत होतं. काकूंनाही कळलाच असणार. पण त्या शब्द पुरवत नव्हत्या. चहावर साय धरली तरी तशाच बसून होत्या. शब्द निघाला. मग त्या पुढच्याची वाट पाहू लागल्या.

तेवढ्यात मी दिसलो. "माझ्या मागावर आला का तू? लाज नाही वाटत, लोकांवर संशय घ्यायले?"

निघताना आम्ही दोघं रस्त्यापर्यंत चालत आलो. मी विचारलं, "सुधारतोय का तो?"

"थोडा. नाही सुधारला तरी चालते."

"मग एवढ्या उन्हात रोज कशाला येता, काकू?"

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि बस येईल त्या दिशेला पाहत राहिल्या.

"तो मले विचारते, जेवली का म्हणून. विचारायले लय वेळ लागते त्याले. पण विचारते."