कडक स्प्रिंगची सीट

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासरे सासूबाईंना घेऊन दोन महिन्यांसाठी थोरल्या लेकीकडे राहायला गेले, आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी पाना हातात घेतला.

डॉक्टर म्हणजे दाताचे डॉक्टर, या घरचे धाकटे जावई. परसातल्या शेडमध्ये सासऱ्यांचा गवत कापायचा छोटा लाल ट्रॅक्टर उभा होता. सासरे एका रोपवाटिकेत कामाला होते. वीस वर्षांपूर्वी रोपवाटिका बंद पडली, तेव्हा मालकाने तो त्यांना देऊन टाकला. ट्रॅक्टर तेव्हाच म्हातारा होता. इंजिन अजून ठणठणीत होतं, पण सीटची दशा बघवत नव्हती. रेक्झिन फाटलेलं, त्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर गोणपाट, आणि गोणपाटातून एक तार अशी वर आलेली की सासरे बसताना आधी डावीकडे कलंडत आणि मग बेताबेताने सरळ होत.

ही सीट नवी करायची, असं डॉक्टरांच्या मनात फार दिवस होतं. त्यांनी दवाखाना काढला, तेव्हा पहिल्या वर्षी तिथे माशीही फिरकत नव्हती. रिकाम्या बाकाला बघून येणारा माणूसही परत जायचा. त्या वर्षी सासरे दर सोमवारी आणि गुरुवारी पेपर घेऊन त्या बाकावर येऊन बसायचे. गाल धरून अधूनमधून कण्हायचेसुद्धा. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "हात फार हलका आहे हो यांचा. कळतच नाही दात कधी निघाला ते." त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात तोंडात होते. हळूहळू बाक भरला, आणि एके दिवशी सासरे यायचे बंद झाले. डॉक्टरांना त्यांचे आभार मानायचे होते, पण सासऱ्यांसमोर उभं राहिलं की त्यांच्या तोंडून फक्त "तब्येत काय म्हणते?" एवढंच निघायचं.

पहिले दोन रविवार चार बोल्ट काढण्यात गेले. इतका गंज, की डॉक्टरांनी शेवटी दाढेची मुळं साफ करायची हत्यारं आणली. सीट सुटली आणि तिच्यातून उंदराचं एक रिकामं घरटं, दोन खिळे आणि सासूबाईंचा हरवलेला चष्मा निघाला.

कुशनवाल्याने सीट हातात घेऊन उलटीपालटी केली. "डॉक्टर, यातला फोम गेलाय, तळ गेलाय, स्प्रिंगा तर कधीच वारल्यात. सगळंच नवं घालावं लागेल."

"घाला की."

"स्प्रिंगा मऊ टाकू की कडक?"

"कडक," डॉक्टर ठामपणे म्हणाले. "पुन्हा कधी दबता कामा नयेत."

महिनाभरात सीट तयार झाली. काळंभोर रेक्झिन, कडेला लाल गोट, शिवण तर अशी की डॉक्टरांनी तिच्यावर स्वतः घातलेल्या टाक्यांवरून फिरवावा तसा हात फिरवून पाहिला. त्यांनी ती बसवली, स्वतः बसले, ट्रॅक्टर सुरू करून परसात दोन फेऱ्या मारल्या. कुरकूर नाही, खडखड नाही. बायको शेडच्या दारात उभी राहून बघत होती. तिचे डोळे भरून आले. "बाबा वेडे होतील रे बघून!"

रविवारी सकाळी सासरे-सासूबाई घरी आले. दोन महिन्यांत सासरे चांगलेच वाळले होते. शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. काठी टेकत ते शेडशी आले, सीट पाहिली आणि तिच्या लाल गोटावरून हळूच बोट फिरवलं.

"बसा ना, बाबा!" डॉक्टर म्हणाले.

सासरे बसले. आपोआप एकदा डावीकडे कलंडले, मग आठवल्यासारखे सरळ झाले. डॉक्टरांनी पुढे वाकून किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"उतरा, मी बघतो." डॉक्टर बसले. इंजिन झकास चाललं. सासरे बसले. बंद. डॉक्टर बसले. चालू. असं चार वेळा झालं.

"माझ्यावर रुसलाय," सासरे म्हणाले.

बायकोने कुशनवाल्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. "ताई, सीटखाली एक बटण असतं. माणसाच्या वजनाने ते दाबलं गेलं तरच इंजिन चालतं. जुन्या स्प्रिंगा मेलेल्या होत्या, मांजर बसलं तरी चाललं असतं. आता वजन लागणार. साहेबच म्हणाले ना, दबता कामा नये!"

"मग आता?"

"उद्या आणा, बदलून देतो. आज दुकान बंद."

पण डॉक्टरांना उद्यापर्यंत दम धरवेना. त्यांच्या गाडीच्या डिकीत दातांचे साचे घ्यायच्या प्लॅस्टरची दहा किलोची पिशवी होती. ती त्यांनी आणून सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली. "घट्ट धरा, बाबा."

इंजिन सुरू झालं! सासऱ्यांनी क्लच दाबला, दात घट्ट आवळले, डोळे मिटले. तो आनंद पाहून डॉक्टरांनाही भरून आलं. ट्रॅक्टर निघाला. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मात्र ट्रॅक्टर हादरत होता आणि पिशवी कागदाची होती. गवताच्या मधोमध पोचेतो ती खालून उसवली. गवतावर पांढरीशुभ्र रेघ उमटत गेली, पिशवी हलकी होत गेली, आणि वजन पुरेना तसं इंजिन बंद पडलं. वाऱ्याची एक झुळूक आली. सासरे भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे झाले.

सासूबाई ओलं फडकं घेऊन धावल्या.

"आई, पाणी नको!" डॉक्टर ओरडले. "दगड होईल त्याचा!"

"अहो, काय चालवलंय काय तुम्ही दोघांनी?" सासूबाईंनी फडकं खांद्यावर टाकलं. "उठा तुम्ही. बघू दे मला."

सासरे उठले. सासूबाई अंगाने भरलेल्या. त्या ऐसपैस बसल्या, किल्ली फिरवली, इंजिन धडधडू लागलं ते थांबेचना.

"बघा," त्या म्हणाल्या, "माझ्या वजनाचा जन्मात पहिल्यांदा कुणाला उपयोग झाला."

"आई, चालवता येतो का तुम्हाला?"

"वीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय. हे वळताना दर वेळी हातभर गवत सोडतात, तेही बघतेय." आणि त्या निघाल्या. सरळ रेषेत गेल्या, टोकाला वळल्या, एक काडी न सोडता परत आल्या.

डॉक्टर पायरीवर बसून सासऱ्यांच्या भुवया कोरड्या ब्रशने झाडू लागले. "चुकलंच माझं, बाबा. उद्याच स्प्रिंगा बदलून आणतो."

"नको!" सासऱ्यांनी त्यांचा हात धरला. आवाज खाली आणला. "या गुडघ्याने क्लच दाबला जात नाही हो. मघाशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. आठ दिवस झोप नाही मला. तिकडे धाकटी फोनवर सीटचं वर्णन करायची आणि मी नुसता हं हं करायचो. तुम्ही इतकं जिवापाड केलंत, तुम्हाला कसं सांगू की मला आता जमत नाही म्हणून?"

"मग बसलात कशाला?"

"तुमचं तोंड बघून." सासरे हसले तसं गालावरचं घामाने धरलेलं प्लॅस्टर तडकलं. "फार उपकार झाले त्या कडक स्प्रिंगांचे."

डॉक्टरांनी ब्रश पायरीवर झटकला. मग एकदम म्हणाले, "बाबा, तो बाक... तुम्ही यायचात ना बसायला..."

"बाक बरा होता तो," सासरे घाईने म्हणाले. "पंखा होता वर."

तेवढ्यात ट्रॅक्टर जवळून गेला. "अहो!" सासूबाईंचा आवाज इंजिनाच्या वर चढला. "शेजारचंही कापून टाकते. तोवर चहा टाका!"

सासरे आणि जावई स्वयंपाकघरात शिरले. डबे एकाच आकाराचे, चिठ्ठी कशावरच नाही. विचारायला लेक शोधावी, तर ती आईमागे कात्री घेऊन कडांचं गवत छाटत होती. दोघांनी बराच खल करून चहा केला. सासरे लंगडत, कप सांभाळत कुंपणाशी गेले.

सासूबाईंनी सीटवर बसूनच मोठा घोट घेतला. क्षणभर त्या कपाकडे बघत राहिल्या. दोन चमचे मीठ होतं त्यात. मग समोर बघितलं. पांढऱ्या भुवयांखाली नवऱ्याचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते.

त्यांनी कप रिकामा करून त्यांच्या हातात दिला.

"आणखी आहे का हो अर्धा?" त्या म्हणाल्या, आणि क्लच दाबला.