गल्लीचं खासगी ऊन

आमच्या गल्लीचं ऊन नगरपालिकेनं तीन मार्चला बंद केलं आणि त्याची नोटीस अकरा तारखेला दिली. बायपासजवळच्या नव्या टाऊनशिपच्या पोहण्याच्या तलावाला ऊन कमी पडत होतं, म्हणून आमचं तिकडे वळवलं, असं नोटिशीत लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. पंधरा एप्रिलला कुरडई चाचणी होईल. सकाळी घातलेली ओली कुरडई संध्याकाळपर्यंत वाळली नाही, तर गल्ली राहण्यास अयोग्य समजून रिकामी केली जाईल.

आमचे हे पोस्टात होते. कुठल्याही दुखण्यावर यांचा एकच उतारा, अर्ज. "अर्ज करून बघू, नाहीतर मुलाकडे जाऊ राहायला," हे म्हणाले.

"जा खुशाल," मी म्हटलं. "मी या घरात लग्न करून आले, उन्हाळ्याच्या सुट्टीला नाही."

भूषण गाताडेनं स्टेशन रोडला दुकान टाकलं होतं. घरच्या घरी बिटकॉइन खणायची यंत्रं तो विकायचा. खणायचं म्हणजे काय, तर यंत्र दिवसभर अवघड गणितं सोडवत बसतं आणि सोडवता सोडवता भयंकर तापतं. तापतं म्हणून गिऱ्हाइकं ते परत आणून देतात, अशी त्याची रड होती. मला ते आठवलं आणि मी ओल्या कुरडयांचं ताट घेऊन त्याच्या दुकानात गेले.

"काकू, आधी हॅशरेट बघायचा, म्हणजे गणितं सोडवायचा वेग," भूषण म्हणाला. "मग वॅट. मग आवाज."

"वाळवण किती वाळतं?"

त्यानं माहितीपत्रक उलटसुलट वाचलं. "ते दिलेलं नाही."

"मग एवढं छापलंय कशाला? लाव एकेक."

पहिलं यंत्र पेनड्राइव्हएवढं होतं. कुरडईला त्याचा पत्ताही लागला नाही. दुसऱ्यात लोखंडी मांडणीवर सहा ग्राफिक्स कार्डं होती आणि गणपतीच्या आराशीसारखे दिवे लुकलुकत होते. घरासाठी हेच बरं, शेजाऱ्यांची तक्रार येत नाही, असं भूषणचं मत पडलं. तासाभरानं मी कुरडई दाबून पाहिली. कड वाळली होती, पोटात ओल तशीच. "हे श्रावणातलं ऊन झालं," मी म्हटलं. "मला चैत्रातलं पाहिजे."

"तसलं एकच आहे. पण ते घरात नको हो काकू. इतकं बोंबलतं, की एका गिऱ्हाइकाचं कुत्रं घर सोडून गेलं."

ते बुटांच्या खोक्याएवढं, वापरलेलं, दोन पंख्यांचं यंत्र होतं. त्यानं बटण दाबलं आणि दुकानात ऊन पडलं. चार हातांवर ठेवलेली कुरडई कडा वळवून तडतडायला लागली. समोरच्या भिंतीवर माझी सावली आली. बऱ्याच दिवसांनी भेटली. जरा जाड झाली होती.

"हेच दे," मी ओरडून म्हटलं.

"आवाजाचं काय?" तोही ओरडला.

"सूर्य बिचारा गप्प होता, म्हणून तर त्याला उचलून तलावावर नेला. आमचं ऊन बोंबलणारंच पाहिजे."

"आणि निघालेलं नाणं कुठे जमा करू?"

"मला नाणं नको रे. ऊन पाहिजे."

"नाण्याशिवाय ते गणितं कशाला सोडवेल?"

"न सोडवून सांगतंय कुणाला? शाळेच्या पटांगणात उन्हात बसून आम्ही सोडवली. आम्हाला कुणी नाणं दिलं होतं?"

त्यानं यंत्र बांधून दिलं. आम्ही ते गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला भिंतीवर बसवलं आणि वायर आमच्या ओसरीवरच्या बटणाला जोडली.

पंधरा एप्रिलला ऊन निरीक्षक माणगावे आले. माणूस सरळ होता, नियमाला पक्का. त्यांनी स्वतःच्या हातानं ओली कुरडई पाटावर ठेवली आणि खुर्ची टाकून बसले.

"हे ऊन नाही," ते म्हणाले. "ऊन पूर्वेकडून येतं."

"होकायंत्र लावा."

त्यांनी लावलं. पूर्वच होती.

"याला आवाज आहे."

"ऊन बिनआवाजी असावं असं कलम दाखवा."

त्यांनी पुस्तिका दोनदा चाळली. तसं कलम नव्हतं. साडेतीनला त्यांनी कुरडई उचलून मोडली. कडकन मोडली. तुकडा चावून बघितला आणि लिहिलं, ऊन आहे, गल्ली राहण्यास योग्य. वर शिक्का मारला. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

मग त्यांनी पान उलटलं. "आता हे ऊन असल्याचं सिद्ध झालं. म्हणजे ते नगरपालिकेच्या अखत्यारीत आलं. तलावाला अजून कमीच पडतंय. हेही वळवावं लागेल." त्यांनी गाडीतल्या दोन माणसांना शिडी आणायला सांगितली.

"आणि हे ऊन नाही म्हटलं तर?" यांनी विचारलं.

"मग गल्ली रिकामी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज खाली ठेवून विचारलं, "साहेब, मावळलेलं ऊन वळवता येतं का हो?"

"छे. कलम नऊ. मावळल्यावर उगवेपर्यंत हात लावता येत नाही."

मी काही म्हणायच्या आत यांनी बटण दाबलं. छत्तीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच अर्जाविना काहीतरी करत होते. गल्लीत अंधारून आलं.

"मावळलं," हे म्हणाले.

माणगावेंनी घड्याळ पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं. "आज लवकर."

"आमच्याकडे असंच असतं," मी म्हटलं.

"पुन्हा केव्हा उगवेल?"

"तुमची गाडी कोपऱ्यावरून वळली की."

"आणि उद्या?"

"उद्या तुम्ही आलात की मावळेल. गेलात की उगवेल. परवाही तेच. आम्ही कुठं जात नाही."

त्यांनी फॉर्म पुन्हा उघडला, उगवण्याच्या वेळेच्या रकान्यात ते स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि माणसांना शिडी गाडीवर चढवायला सांगितली.

चार वाजून दहा मिनिटांनी गाडी कोपऱ्यावरून वळली. चार वाजून अकरा मिनिटांनी आमच्या गल्लीत उजाडलं.