वेंडेलला सांगायचं राहूनच गेलं

"सात फूट!" बक स्टॉलिंग्जने टेबलावर अशी थाप मारली की पेन उडून खाली पडलं. "सात फुटांचा पोरगा, मर्ल! हो म्हणाला! एवढं मोठं विद्यापीठ सोडून आपल्याकडे येतोय!"

मर्ल गॅडिस पेन उचलता उचलता सुखावला. केंटकीच्या डोंगरातल्या कोल्ड फोर्क कॉलेजात बक बास्केटबॉलचा मुख्य कोच होता आणि मर्ल त्याचा मदतनीस. गावोगाव फिरून पोरं हेरायची, त्यांच्या आईबापांना पटवायचं, हे काम मर्लचं. सामने जिंकायचे, आणि हरले तर मर्लवर ओरडायचं, हे काम बकचं. दोघंही आपापलं काम मन लावून करत.

"आता एकच भानगड आहे," बक म्हणाला. "स्कॉलरशिप तेरा आणि पोरं झाली चौदा. एकाला नारळ द्यावा लागणार."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? वेंडेलला! तूच आणलंस ना त्याला? तूच सांग. त्याने आपणहून पोर्टलवर नाव टाकलं की कुणी आपल्याला बोल लावणार नाही."

मर्लचं सुख तिथल्या तिथे आटलं. पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंचा बाजार. तिथे नाव पडलं की कुठल्याही कॉलेजने उचलावं, किंवा कुणीच उचलू नये. आणि वेंडेल टॅकेटला कोण उचलणार? तीन वर्षं तो बाकावर बसून होता. वेंडेल मैदानात उतरला की लोक गाड्यांच्या किल्ल्या शोधायला लागत, कारण सामन्याचा निकाल तेव्हा लागलेला असे. पण संघात कुणाचं प्रेम मोडलं, कुणाचं गणित अडलं, कुणाला आईची आठवण आली, तर पोरं वेंडेलकडेच जात. त्याला गुरांचा डॉक्टर व्हायचं होतं. स्कॉलरशिप गेली की कॉलेज गेलं, आणि कॉलेज गेलं की गुरांचा डॉक्टरही गेला. त्याची आई व्हर्ना शाळेची बस चालवायची. तिच्याच स्वयंपाकघरात बसून मर्लने तिला शब्द दिला होता, तुमचा मुलगा डिग्री घेऊनच बाहेर पडेल.

दुसऱ्या दिवशी मर्ल वेंडेलला गावातल्या हॉटेलात नाश्त्याला घेऊन गेला. भरल्या पोटी वाईट बातमी कमी लागते असा त्याचा समज होता. गरम बिस्किटांवर, म्हणजे तिकडच्या मऊ पावांवर, सॉसेजची ग्रेव्ही आली, अंडी आली. वेंडेल खायला लागला. मर्ल मात्र खुर्चीवर नुसता चुळबुळत होता. हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून त्याने तिखट सॉसची बाटली अंड्यांवर उपडी केली.

"वेंडेल," अखेर तो म्हणाला, "माणसाच्या आयुष्यात एक वेळ येते बघ."

"येते ना, कोच."

"म्हणजे कसं, की आपण एखाद्या ठिकाणी वर्षानुवर्षं असतो. माणसं चांगली असतात. पण आपली तिथे... तशी गरज उरलेली नसते."

वेंडेलने काटा खाली ठेवला.

"मग मन घट्ट करायचं आणि दुसरं ठिकाण बघायचं. त्यात कुणाचा दोष नसतो रे!" एवढं म्हणून मर्लने अंड्याचा मोठा घास घेतला आणि सॉसने आपला इंगा दाखवला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

वेंडेल बघतच राहिला. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "घरी माहीत आहे?"

मर्लला वाटलं, पोरगा आपल्या आईबद्दल विचारतोय. "अजून नाही," तो नाक पुसत म्हणाला. "घरी कसं सांगायचं तेच कळत नाहीये."

वेंडेलने टेबलावरून हात पुढे केला आणि मर्लच्या हातावर थोपटलं. "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, कोच. मी समजू शकतो. आणि मी कुणापाशी बोलणार नाही."

असा समजूतदार पोरगा! मर्लच्या डोळ्यांत आता खरोखरचं पाणी आलं. बाहेर पडल्याबरोबर त्याने बकला फोन करून सांगितलं, "काम झालं."

काम झालंच होतं, फक्त भलतंच. वेंडेलने शब्द पाळला. त्याने कुणालाही सांगितलं नाही, एका जव्हॉनखेरीज. जव्हॉन त्याच्या खोलीत राहायचा, आणि कोच गॅडिस सोडून चाललेत म्हटल्यावर त्यांना गुपचूप निरोप द्यायला दुसरं कुणीतरी हवंच होतं. जव्हॉन हा संघातला सगळ्यांत जास्त गुण करणारा खेळाडू. लुईव्हिलहून मर्लनेच त्याला आणलं होतं. त्यानेही कुणाला सांगितलं नाही, ज्यांना केकसाठी हाताशी धरायचं होतं तेवढे सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टलवर दोन राखीव खेळाडूंची नावं झळकली.

"भले शाब्बास!" बकने मर्लच्या पाठीत धपका घातला. "मी एक म्हणालो, तू दोन उडवलेस! वेंडेल कुठाय पण?"

"त्याला थोडा वेळ द्या," मर्ल म्हणाला. मनातून तो हरखला होता. आता जागा झालीच होती, तर वेंडेलला घालवायचं कारणच काय? बकला हे समजावून सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात बकच्या खिशातला फोन घुरघुरला. बकने तो बघितला आणि त्याच्या मानेपासून वर लाली चढत गेली.

"जव्हॉन?" तो ओरडला. "जव्हॉन!"

त्यानंतर फोन थांबलाच नाही. बकचा घुरघुरला की मर्लचा घुरघुरे, आणि प्रत्येक वेळी एक नाव गळे. मर्लने जिमला फेऱ्या घालत एकेका पोराला फोन लावले. बसवत नव्हतंच त्याला.

"का रे जातोस बाबा? काही दुखलं का? कुणी काही बोललं का?"

"कोच, तुम्हीच विचारताय होय?" जव्हॉनचा आवाज दुखावलेला होता. "तुम्हाला माहीतच आहे की!" आणि त्याने फोन ठेवला.

दुसराही तेच म्हणाला. तिसरा तर म्हणाला, "जिथे असाल तिथे सुखात राहा, कोच." मर्लने छातीवर हात ठेवून बघितला. आपल्याला काही आजार झालाय आणि तो गावाला कळलाय, आपल्यालाच कळलेला नाही, अशी त्याला शंका यायला लागली.

संध्याकाळी बकने त्याला दारातच गाठलं. "मी तुला एक दाणा वेचायला सांगितलं होतं मर्ल, तू अख्खी कणगी पालथी केलीस! त्यांना सांगितलंस तरी काय?"

"मी फक्त वेंडेलशी बोललो!"

"आणि तो एकटाच तेवढा जात नाहीये!"

मर्ल घरी आला तेव्हा त्याची बायको नोरीन दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. किराण्याची पिशवी अजून तिच्या पायाशीच होती.

"आपण कुठे चाललोय, मर्ल?"

"कुठे म्हणजे?"

"ते तू सांगायचंस. दुकानातली डॉटी मला म्हणते, घर विकताना आधी आम्हाला सांगा हं. आपलं घर! मी पीचचे डबे हातात घेऊन बावळटासारखी उभी. म्हटलं, आम्ही कुठे जात नाही. तर ती माझ्याकडे अशी काही बघायला लागली, म्हणजे..." नोरीनचा आवाज बारीक झाला. "म्हणजे तू एकटाच चाललायस की काय?"

"अगं बाई, मी कुठेही जात नाहीये!"

त्याच वेळी दार वाजलं. दारात वेंडेल उभा होता. त्याच्या हातात केवढातरी केक होता आणि त्यावर निळ्या साखरेने लिहिलं होतं, 'नव्या गावी सुखी राहा, कोच.'

नोरीनने केक वाचला. मग तिने नवऱ्याकडे बघितलं.

"सगळे येणार होते," वेंडेल ओशाळून म्हणाला. "पण सगळे आपापल्या सामानाची बांधाबांध करताहेत. तुम्हीच नाही तर इथे कशाला राहायचं म्हणतात. तुम्ही घरी सांगितलंत ना, कोच? नाहीतर मी आपला..."

"मी जातोय असं तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की! नाश्त्याला! माणसं चांगली असतात, पण आपली गरज उरत नाही म्हणालात. रडलातसुद्धा."

मर्लला तो सगळा नाश्ता घासागणिक आठवला. तो पायरीवर बसला. आता खरं सांगायचं म्हणजे, मी नाही रे, तू जाणार होतास, असं म्हणायचं, आणि तेही केकसमोर! त्याने घसा खाकरला. तेवढ्यात फोन वाजला. बक होता.

"मर्ल, तूच आधी ऐक म्हणून फोन केला," बक म्हणाला. मागून गाडीचा आवाज येत होता. "मी टेनेसीला निघालोय. तिथल्या कॉलेजशी बरेच दिवस बोलणं चालू होतं. म्हटलं, तू संघ रिकामा केलाच आहेस, तर आता अडून कशाला राहू? सात फुटी पोरगाही माझ्याबरोबर येतोय. तुझं नाव मी प्रिन्सिपलना सुचवलंय. उपकार मानू नकोस."

फोन बंद झाला. कोच सोडून चाललाय ही गावभर पसरलेली बातमी शब्दशः खरी होती, फक्त माणूस चुकला होता.

दुसऱ्याच दिवशी मर्लला मुख्य कोच नेमलं. प्रिन्सिपलनी हात मिळवताना विचारलं, "संघात सध्या कोण कोण आहे?" आणि मर्ल म्हणाला, "वेंडेल." प्रिन्सिपल पुढच्या नावाची वाट बघत राहिले.

त्याच दुपारी व्हर्ना टॅकेटचा फोन आला. "कोच, संध्याकाळी घरी या. वेंडेलला दुसऱ्या कॉलेजातून विचारणा झालीय. समोरासमोर बोलू."

डोंगरातला वळणावळणाचा रस्ता मर्लने कसा कापला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. प्रत्येक वळणावर तो एक नवं वाक्य तयार करी आणि पुढच्या वळणावर खोडून टाकी. हा एक पोरगा गेला तर संघात फक्त कोच उरणार होता.

स्वयंपाकघरात कॉर्नब्रेडचा वास भरला होता. व्हर्ना टेबलाशी बसली होती. बसभर पोरांना नुसत्या आरशातून गप्प करणारी तिची नजर आता मर्लवर स्थिर होती. शेजारी वेंडेल.

"ते ओहायोतलं कॉलेज आहे," ती म्हणाली. "तिथे गुरांचा दवाखाना आहे. स्कॉलरशिप देतो म्हणतात. तुमचं काय म्हणणं?"

मर्लजवळ गोड बोलण्याचा भला मोठा साठा होता. पोरं आणायची तर तो लागतोच. आपण कसे एक कुटुंब आहोत इथून सुरुवात करायची, हे त्याने शेवटच्या वळणावर ठरवलंही होतं. पण त्या आरशातल्या नजरेसमोर त्यातलं काहीच चालणार नव्हतं.

"मला आधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशी नाश्त्याला मी स्वतःबद्दल बोलत नव्हतो. वेंडेलबद्दल बोलत होतो. एक जागा हवी होती म्हणून त्याला जा सांगायला नेलं होतं. मला ते धड सांगताही आलं नाही."

वेंडेलचे मोठे कान हळूहळू लाल होत गेले.

"म्हणजे मी तुमच्यासाठी रात्रभर तळमळलो," तो म्हणाला, "आणि तुम्ही मला काढायला आला होतात."

"हो."

"मग सरळ सांगायचं होतंत ना, कोच! मी एकटाच गेलो असतो. बाकीचा संघ तरी वाचला असता."

"आता सरळ सांगतो," मर्ल म्हणाला. "ओहायोला जा. माझ्यासाठी थांबू नकोस. तुझं भलं तिथे आहे."

व्हर्नाने प्रथमच नजर खाली केली. वेंडेलने मात्र मान हलवली. "मी चौकशी केलीय. इथला अर्धा अभ्यास ते धरत नाहीत. म्हणजे झालेली वर्षं पुन्हा करायची. इथे एकच उरलंय. मी राहतो."

मर्ल खुर्चीतून उठलाच. "राहतोस? मग मी तुला पहिल्या पाचांत घेतो! प्रत्येक सामन्यात! पूर्ण वेळ!"

"अजिबात नाही," वेंडेल घाबरून म्हणाला. "हिवाळ्यात माझी गोठ्यातली कामं असतात. गुडघे मोडून घ्यायला मला सवड नाही. मला बाकावर बसवा. खेळायला दुसरं कुणीतरी बघा."

"दुसरं आहे कोण, लेका!"

वेंडेलने सुस्कारा टाकला आणि खिशातून फोन काढला. आईने पुढे केलेला कॉर्नब्रेडचा तुकडा तोंडात टाकून त्याने नंबर लावला.

"जव्हॉन? सामान सोड... अरे, सोड म्हणतो ना! पोर्टलवरून नाव काढून घे. कोच गॅडिस कुठेही जात नाहीयेत. ते कधी जाणारच नव्हते." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. वेंडेल शांतपणे चावत राहिला. "नाही रे, लबाड नाही. माणूस चांगला आहे. फक्त त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावत बसायचं नाही... हो, बाकीच्यांनाही सांग. नाही, तू नको. तू सांगितलंस तर पुन्हा घोळ होईल. मीच करतो सगळ्यांना."

मर्लला राहवेना. "मी बोलू का त्याच्याशी?" तो हात पुढे करत म्हणाला. "दोनच मिनिटं. नीट समजावून..."

व्हर्नाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"तुम्ही जेवा," ती म्हणाली.