माझ्या व्याख्यानाला लोटलेली गर्दी

सव्वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यावर एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. मला माणसं खिळवून ठेवता येतात. वर्गातली मुलं पेंगतात, पण तो दोष वेळापत्रकाचा आहे. माझा तास नेमका जेवणाच्या सुट्टीनंतर असतो.

माझा मेहुणा हे मानायला तयार नव्हता. सुट्टीसाठी आम्ही कॅम्पर भाड्यानं घेतली होती, म्हणजे पलंग, शेगडी, संडास सगळं पोटात घालून फिरणारी गाडी. किल्ल्याच्या दरवाजाशी ती उभी करता करता तो म्हणाला, "भावोजी, तुमचं ऐकायला इथं कोण थांबणार? दहा माणसं थांबली तर सहलभर भांडी मी घासतो."

"आणि नाही थांबली तर?"

"तर परत जाताना किल्ल्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. साडेचार तास."

बायकोनं याला इतक्या चटकन मान डोलावली की मला ते लागलंच. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या बाईनं मला इतिहासातला एकही प्रश्न विचारलेला नाही. आज हिला दाखवायचंच, असं मी ठरवलं.

मेहुणा फोटो काढायला बुरुजावर गेला. मी गाडीच्या मागे घडीच्या स्टुलावर चढलो आणि सुरू झालो. समोर चिटपाखरू नव्हतं. मग एक आजी आल्या, बायकोच्या कानात काहीतरी म्हणाल्या, आणि दोघी गाडीच्या पलीकडं, दाराच्या बाजूला गेल्या. माझी बायको तशी माणूसवेडी आहे, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

वेढ्यापर्यंत येतो तर समोर पाच जण! मग बारा. मग मी मोजणं सोडलं. सगळे एकामागे एक, शिस्तीत उभे. मेहुणा गर्दी बघून धापा टाकत खाली आला, गाडीच्या पलीकडं डोकावला आणि तोंडावर रुमाल धरून परतला. हरला बिचारा, मला वाटलं.

मला आणखी चेव आला. "शत्रूनं पाणी तोडलं! तेव्हा किल्लेदारानं तलावाचा बांध फोडला, आणि पाणी खळखळ, खळखळ वाहू लागलं..."

पुढच्या गृहस्थांनी डोळे गच्च मिटले. "साहेब, पाण्याचं नको ना," ते कळवळून म्हणाले. इतकं समरस होऊन माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मागच्या बाई तर नुसत्या या पायावरून त्या पायावर होत होत्या.

भावना अनावर झाली की एकेक जण गाडीआड जाई. परत येताना चेहरा कसा शांत. एकानं तर माझा हात हातात घेतला. "फार उपकार झाले हो तुम्हा लोकांचे."

"उपकार कसले, माझं कामच आहे ते," मी म्हटलं. त्याचा हात ओला होता. घामानं असेल, प्रसंगच तसा होता.

अखेर किल्लेदार एकटाच तलवार उपसून दरवाजात उभा राहिला, आणि पलीकडून बायकोचा आवाज आला, "बास आता, आमची टाकी भरली! किल्ल्यातल्या स्वच्छतागृहाचं कुलूप उघडलंय म्हणे, तिकडं जा सगळे."

पुढच्या क्षणी माझ्यासमोर रिकामं मैदान होतं. मेहुणा गवतावर बसून पोट धरून हसत होता. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. मी गुपचूप स्टुलावरून उतरलो.

बायको पदर खोचून आली. "अहो, मग त्या किल्लेदाराचं काय झालं? सुटला का तो? एवढ्या लोकांना दार उघडता उघडता माझं मधलं मधलं हुकलं."

बावीस वर्षांतला पहिला प्रश्न! मी पुन्हा स्टुलावर चढू लागलो.

"इथं नको," ती माझ्या हातात रबरी हातमोजे देत म्हणाली. "टाकी रिकामी करता करता सांगा. आणि जरा मोठ्यानं सांगा, मी लांब उभी राहणार आहे."