आवा निवेस्तोवर

आमचे धाकटे दीर रघुनाथभाऊजी दरवर्षी वैशाखात सुटीवर चारठाण्याला येतात आणि आल्या आल्या घरात शिरत नाहीत. एसटीतून उतरतात, पिशवी ओट्यावर ठेवतात आणि उंबऱ्याबाहेर वीस मिनिटं नुसते उभे राहतात. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात गेले की हात वर करतात.

"थांबा वहिनी. उन्हातून एकदम सावलीत आलं की तडा जातो."

"माणसाला?"

"कशालाही."

भाऊजी मुंबईकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहेत. कुंभाराचं पोर डॉक्टर झालं, पण इंजेक्शन देत नाही, याचं गावाला अजून नवल वाटतं. युरेनियमच्या भुकटीच्या गोळ्या दाबायच्या, त्या भाजायच्या आणि मग हळूहळू निवू द्यायच्या, हे त्यांचं संशोधन. त्या गोळ्या अणुवीजकेंद्रात जळण म्हणून लागतात. केसाएवढी चीर गेली की गोळी बाद. शेजारचे तुकारामकाका दर सुटीला विचारतात, "रघू, बॉम्ब करायलास का रं?"

"न्हाई काका. गोळ्या. ह्या बोटाच्या पेराएवढ्या."

"कशावरच्या?"

"विजेवरच्या."

"मंग दोन देऊन ठेव. आमच्याकडं लाईट लय जाती."

भाऊजी तव्यावरची भाकरी थेट ताटात घेत नाहीत. आधी चुलीच्या कडेला, मग टोपल्यात, मग ताटात. कुणी भांडलं तर तिसऱ्या दिवशी उत्तर देतात. तोवर समोरचा आपण काय बोललो होतो तेच विसरलेला असतो. नामांतराच्या आंदोलनात एकदा जिंतूरजवळ रास्ता रोको झाला. एसटी चार तास उभी. सगळे कंडक्टरवर ओरडत होते आणि भाऊजी एकटेच खूश, का, तर इंजिन नीट निवलं.

पण एका सालची आखिती मी विसरणार नाही. आखितीला, अक्षय्य तृतीयेला, घरोघरी पितरांच्या नावानं केळी पुजतात. केळी म्हणजे पाण्यानं भरलेलं नवं छोटं मडकं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे कुणाला किती केळ्या द्यायच्या ती यादी माझ्याकडे. आदल्या साली गिऱ्हाईक दारात उभं राहिलं म्हणून आमच्या ह्यांनी आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, गरम असतानाच उघडला होता आणि आतली निम्मी मडकी तडकली होती. कित्येक घरांना पितळी तांब्या पुजावा लागला, आणि ते आम्हाला वर्षभर ऐकवलं गेलं. पुन्हा तसं झालं तर गिऱ्हाईक दुसऱ्या गावाला जाणार, हे नक्की होतं.

या खेपेला भाऊजी आव्यासमोर छत्री घेऊन खुर्ची टाकून बसले. आखितीच्या आदल्या दिवशी आमचे हे फावडं घेऊन आले.

"रघू, बाजूला हो. आज वाटप न्हाई झालं तर उद्या लोक काय पुजतील?"

"आत अजून ऊन हाय, दादा. पहाटं उघडू."

"मला शिकवायलास? पंचवीस सालं झाली मला आवा लावायला."

"अन् गेल्या साली?"

ह्यांनी हातातलं फावडं फेकलं आणि निघून गेले. दिवसभर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. मी यादी गल्लीवार पुन्हा लिहून काढली, म्हणजे सकाळी तासाभरात वाटप उरकेल.

पहाटे ह्यांनी राख ओढली, खापऱ्या बाजूला केल्या आणि पहिली केळी काढून बोटानं वाजवली. टण्ण. दुसरी, टण्ण. एकशे चाळीस केळ्यांत तीनच फुटक्या निघाल्या. मी लगेच यादी काढली. ह्यांनी भावाच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली.

उन्हं तापायच्या आत वाटप झालं. मग आमची घरची केळी, सासऱ्यांच्या नावाची. ह्यांनी पाणी भरलं, फूल वाहिलं. भाऊजी भिंतीला टेकून लांबच उभे.

"ये की रं."

"कुठल्या तोंडानं येऊ? आबा आजारी हायेत म्हणून तार आली, तवा माझी भट्टी निवायची व्हती. तीन दिवस थांबलो, मग निघालो."

ते उशिरा पोचले होते, हे आम्हाला ठाऊक होतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

ह्यांनी केळीवरचं फूल सारखं केलं. मग म्हणाले, "शेवटच्या दिवशी आबा काय इचारत व्हते, ठाव हाय? 'रघूचा आवा कसा निघाला?' दोनदा इचारलं. मी काय सांगणार?"

भाऊजी भिंतीपासून पुढं आले. "चांगला निघाला व्हता, दादा. एकबी तडा न्हाई."

"मला कामून सांगायलास? त्यास्नी सांग."

भाऊजी केळीसमोर मांडी घालून बसले आणि सांगू लागले. भुकटी कशी चाळली, दाब किती दिला, किती तास भाजलं, सगळं. आमचे हे शेजारी बसून मधेमधे "हं" म्हणत होते.

पानं वाढून तयार होती. मी कुणालाच हाक मारली नाही.